तंबोरा, गिटार आणि हवेतला ओलावा

जून महिन्यात शाळा उघडते आणि पंधरा-वीस दिवसांत संगीताच्या तासाला तक्रारी सुरू होतात. पेटीच्या दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. तबल्याची पुडी सैल पडते, कितीही ठोकले तरी सूर चढत नाही. तंबोऱ्याची खुंटी इतकी घट्ट बसते की ती फिरवायला दोन्ही हात लागतात. एखाद्या विद्यार्थ्याने गिटार आणली, तर तिच्या तारा पडद्यांपासून उंच गेलेल्या दिसतात आणि वाजवताना बोटे दुखतात. 'हवा दमट आहे' एवढे सांगून आपण विषय संपवतो. पण मग मार्च-एप्रिलचे काय? त्या कोरड्या दिवसांत त्याच खुंट्या सरकू लागतात आणि एखाद्या सकाळी तबलीवर एक बारीक उभा तडा दिसतो. वाद्य पडलेले नसते, त्याला कोणाचा धक्काही लागलेला नसतो.

दोन ऋतूंतल्या या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. एवढेच नव्हे, तर एप्रिलमध्ये दिसणारा तडा पुष्कळदा आधीच्या ऑगस्टमध्येच तयार होऊ लागलेला असतो. हे कसे घडते ते समजले, तर शाळेतले एखादे चांगले वाद्य वाचवता येईल. शिवाय आर्द्रता, प्रसरण आणि ताण हे पाठ्यपुस्तकातले तीन धडे एकाच वस्तूवर शिकवता येतील.

लाकूड पूर्ण कोरडे कधीच नसते

उभ्या झाडाच्या खोडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत, बाटलीत भरावे तसे मोकळे असते. बाकीचे पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेले असते. तोडलेले लाकूड वाळू लागले की आधी पोकळीतले पाणी निघून जाते. या काळात लाकूड हलके होते, पण त्याची मापे जवळजवळ बदलत नाहीत. मोकळे पाणी संपते त्या वेळी भिंतींमधले पाणी लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के असते. त्यापुढे हे मुरलेले पाणी निघू लागते आणि मग मात्र लाकूड आकसू लागते.

पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांनी बनलेल्या असतात. या साखळ्यांवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरले की साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात, म्हणजेच भिंत जाड होते. पाणी निघून गेले की त्या पुन्हा जवळ येतात.

ही देवघेव झाड तोडल्यावर थांबत नाही. शंभर वर्षांच्या जुन्या तुळईतही ती चालू असते. हवेची सापेक्ष आर्द्रता वाढली की लाकूड हवेतून बाष्प घेते, कमी झाली की परत देते. हवा बराच काळ एकसारखी राहिली तर लाकडातले पाणी एका ठरावीक प्रमाणावर स्थिरावते. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला ही प्रमाणे साधारण अशी असतात. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात ६ टक्के पाणी राहते. ५० टक्क्यांना ९, ६५ टक्क्यांना १२, ८० टक्क्यांना १६ आणि ९० टक्क्यांना सुमारे २० टक्के. पॉलिश किंवा रोगण ही देवघेव मंद करते, बंद करत नाही. त्यातच गिटारीची आतली बाजू बिनपॉलिशची असते.

नाशिकची हवा

उष्ण कटिबंधातली हवा म्हणजे दमट हवा अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुंबई-कोकणच्या बाबतीत ती बरीच खरी आहे. समुद्रामुळे तिथली हवा उन्हाळ्यातही फारशी कोरडी पडत नाही. नाशिक मात्र घाटमाथ्याच्या आत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. ऑगस्टमध्ये येथे सापेक्ष आर्द्रता सकाळी ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि दुपारीही फारशी उतरत नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी मात्र ती २० ते २५ टक्क्यांपर्यंत घसरते. आपल्या जिल्ह्यातच पाहा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मालेगावकडे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. पण उन्हाळ्यातली कोरडी दुपार दोन्हीकडे येते.

खोलीतले लाकूड दुपारच्या एका आकड्याला लगेच जुळत नाही. ते दिवसरात्रीच्या, आणि जाड भाग असेल तर कित्येक आठवड्यांच्या सरासरीला जुळते. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस लाकडात ७ टक्के आणि पावसाळ्याच्या अखेरीस १५ टक्के पाणी असते असे धरू. म्हणजे वर्षभरात ८ टक्क्यांचा चढउतार झाला. वाद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा हा आहे. सदैव दमट हवेत लाकूड एकदा फुगून तसेच राहील. सदैव कोरड्या हवेत ते आकसून तसेच राहील. दर वर्षी इकडून तिकडे आणि परत, हा प्रवास मात्र त्याला सोसत नाही.

आडवे वाढते, उभे नाही

लाकूड तिन्ही दिशांनी सारखे फुगत नाही. झाडाच्या तंतूंच्या दिशेने, म्हणजे खोडाच्या उंचीच्या दिशेने, ते जवळजवळ बदलतच नाही. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरड्या लाकडापर्यंत या दिशेतली घट ०.१ ते ०.२ टक्के असते. वार्षिक वलयांच्या केंद्राकडून सालीकडे ती ३ ते ५ टक्के, तर वलयाच्या कडेकडेने ६ ते ८ टक्क्यांपर्यंत असते. सागवान या बाबतीत शहाणे लाकूड आहे. त्याचे आकडे सुमारे २.५ आणि ५.८ टक्के आहेत. दारे-खिडक्यांना सागवान का निवडतात, त्याचे हे एक कारण आहे.

याचा पहिला परिणाम खुंटीवर दिसतो. तंबोऱ्याची खुंटी गोल कातलेली असते. पण ओलावा वाढला की तिचा छेद एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वाढतो, म्हणजे तो किंचित लंबवर्तुळाकार होतो. २० मिलिमीटर व्यासाच्या खुंटीत ८ टक्के ओलाव्याच्या फरकाने दोन व्यासांमध्ये सुमारे ०.१६ मिलिमीटरचा फरक पडतो. तिचे भोकही लाकडातच असते आणि तेही लंबवर्तुळाकार होते, पण वेगळ्या दिशेने. म्हणून पावसाळ्यात खुंटी अडकते आणि उन्हाळ्यात दोनच ठिकाणी टेकून सरकते. वादक खुंटीला खडू लावतात तो या सरकण्यावरचा उपाय आहे.

दुसरा परिणाम रुंद फळीवर होतो. गिटारीच्या पुढच्या पातळ फळीलाही आपण तबलीच म्हणू. ही तबली बहुधा स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, अवघी अडीच ते तीन मिलिमीटर जाड असते. तिच्या रुंद भागाचे माप ४० सेंटिमीटर धरू. ओलावा १ टक्क्याने बदलला की स्प्रूसची अशी फळी रुंदीत सुमारे ०.१५ टक्के बदलते. ८ टक्क्यांना १.२ टक्के, म्हणजे ४०० मिलिमीटरला जवळजवळ ५ मिलिमीटर! फळी मोकळी असती तर एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत ती पाच मिलिमीटर रुंद झाली असती.

वाद्य म्हणजे बांधलेले लाकूड

पण ही फळी मोकळी नसते. तिच्या कडा बाजूंना चिकटवलेल्या असतात. आतून तिला पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांतल्या काहींचे तंतू तबलीच्या तंतूंना आडवे असतात. तबली रुंदीत वाढू पाहते, पट्टी त्याच दिशेने लांबीत वाढायला तयार नसते. मग तबली वर फुगते. तिच्यावर चिकटवलेली घोडी तिच्याबरोबर वर उचलली जाते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. तारांवरचा ताण किंचित वाढतो आणि गिटारीचा सूर बहुधा थोडा चढतो. तबल्याचे नेमके उलटे आहे. तिथे ओलाव्याने कातडे ताणून सैल पडते आणि सूर उतरतो. एकाच पावसात गिटार चढते आणि तबला उतरतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना विचारात पाडणारी आहे.

आवाजाचा पोतही बदलतो. पाणी मुरलेले लाकूड जड होते, त्याचा ताठपणा थोडा कमी होतो आणि कंपनांची ऊर्जा आतल्या घर्षणात जास्त खर्च होते. म्हणून पावसाळ्यात आवाज बसका, लवकर विरणारा वाटतो. हा बदल हवा कोरडी झाली की बहुतांशी भरून निघतो. तड्याचे तसे नाही.

ऑगस्टमध्ये पेरलेला तडा

आता एक साधा हिशोब करू. ४०० मिलिमीटर रुंदीची तबली कडांना पक्की धरलेली आहे आणि ती ५ मिलिमीटर वाढू पाहते. ही सगळी वाढ वर फुगून सामावायची तर कमान किती उंच हवी? उथळ कमानीसाठी सूत्र असे आहे: जादा लांबी बरोबर ८ गुणिले उंचीचा वर्ग, भागिले ३ गुणिले रुंदी. आकडे घातले की उंची सुमारे २७ मिलिमीटर येते. एवढी फुगलेली गिटार कोणी पाहिली आहे? प्रत्यक्षात तबली दोन-तीन मिलिमीटर वर येते. तीन मिलिमीटरच्या फुगवट्याने सामावली जाणारी वाढ त्याच सूत्राने केवळ ०.०६ मिलिमीटर भरते.

मग उरलेली वाढ गेली कुठे? थोडी वाढ बाजूच्या भिंती बाहेर सरकण्यात जाते. बाकीची लाकडाने आतल्या आत दाबून घेतलेली असते. तंतूंच्या आडव्या दिशेने लाकूड अर्धा ते एक टक्का दाबले तर सोडल्यावर परत उसळते. त्यापलीकडे दाबले तर पेशींच्या भिंती चेपतात त्या कायमच्या. समजा, एका पावसाळ्यात तबली अशी अर्धा टक्का, म्हणजे २ मिलिमीटर, कायमची चेपली. डोळ्यांना काहीच दिसत नाही, तडा नाही, सांधा सुटलेला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ती पूर्वीइतकीच वाळली तरी पूर्वीपेक्षा २ मिलिमीटर अरुंद होऊ पाहते. कडा आणि पट्ट्या तिला तसे होऊ देत नाहीत, म्हणून तबली ताणली जाते. आडव्या दिशेने ताण सोसण्यात लाकूड फार दुबळे आहे. एक-दीड टक्का ताणले की ते तंतूंच्या रेषेने फाटते. तडा एप्रिलमध्ये पडतो खरा, पण त्याचे बी ऑगस्टमध्ये पेरलेले असते.

ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट दुसऱ्या रूपात माहीत असते. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी दांडा घट्ट बसतो. पण चार दिवसांनी तो वाळला की पूर्वीपेक्षाही सैल होतो. कारण उघड आहे. लोखंडी भोकात कोंडलेला दांडा फुगताना स्वतःच चेपला गेला, आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक झाला. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली की गाडी नदीच्या पाण्यात उभी करत. त्या उपायाचा गुण थोड्या दिवसांत का जाई, तेही यावरून समजते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पोलादी तारांची गिटार सुरात लावली की सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोग्रॅम वजनाच्या आसपास असतो. स्थिर ओलाव्यात लाकूड असा भार बराच काळ पेलते. पण भार अंगावर असताना ओलावा वारंवार बदलत राहिला तर लाकूड हळूहळू वाकत जाते आणि पूर्ण परत येत नाही. जुन्या गिटारींची घोडीमागची तबली कायमची फुगलेली दिसते ती यामुळे.

मिरजेचा तंबोरा

महाराष्ट्रात तंतुवाद्यांचे नाव निघाले की मिरजेचे नाव येतेच. मिरजेत शिकलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला पंचवटीत राहिले, त्यामुळे या दोन गावांचे नाते तसे जुने आहे. एकोणिसाव्या शतकात मिरजेत फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेली वाद्ये घडवण्याची परंपरा त्यांच्या वंशजांनी आणि इतर कारागिरांनी चालू ठेवली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे पूर्ण वाळवलेला कडू भोपळा. असे भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. दांडी आणि तबली तून नावाच्या झाडाच्या लाकडाची करतात. या तबलीची रुंदीही गिटारीएवढीच, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपास असते. ती सपाट नसून मधे थोडी उचललेली असते. हा उंचवटा आवाजासाठी असतो, तसाच ओलाव्यासाठीही उपयोगी पडतो. आधीच कमान असलेली फळी वाढली की थोडी वर जाते, आकसली की थोडी खाली येते. सपाट फळीला मात्र चेपून घेण्याशिवाय किंवा फाटण्याशिवाय वाट नसते. गिटार बनवणारे कुशल कारागीरही तबलीला डोळ्यांना न दिसणारी हलकी कमान देतात, त्याचे एक कारण हेच.

तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसला तरी त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार कंप पावताना या उतारावर टेकत-सुटत राहते, आणि तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे हे टेकणे नेमक्या ठिकाणी घडते. त्यामुळे उंच स्वरांशांची ती भरीव गुंजन निर्माण होते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांचा अभ्यास करताना तंबोऱ्याच्या घोडीच्या या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले. आता कल्पना करा, घोडी ज्या तबलीवर उभी आहे तीच पावसाळ्यात वर उचलली गेली. तार आणि घोडी यांच्यातला कोन केसभर जरी बदलला तरी तारेचे टेकणे बिघडते आणि जवारी बंद पडते. 'तंबोरा बोलत नाही' असे गायक म्हणतात त्यात पुष्कळदा तंबोऱ्याचा दोष नसतो. ऋतू बदललेला असतो. अशा वेळी दोरा थोडा सरकवून पाहावा. जवारी घासून नवी करण्याची घाई करू नये, कारण हवा बदलली की ती पुन्हा बिघडेल.

पावसाळा नसलेल्या देशातही ही अडचण सुटत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांबरोबर तंबोरे आणि पेट्याही गेल्या. तिकडच्या हिवाळ्यात बाहेरची हवा शून्य अंशाला असते. बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरात ५ ग्रॅमपेक्षा कमीच पाणी असते. घरात तीच हवा २० अंशांपर्यंत तापवली की तिची बाष्प धरण्याची क्षमता १७ ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता झाली २८ टक्के, जवळजवळ आपल्या एप्रिलच्या दुपारएवढी. बाहेर बर्फ असताना दिवाणखान्यातला तंबोरा तडकतो तो असा.

वाद्य कोणत्या हवेत जोडले?

वरचे सगळे गणित एका प्रश्नावर येऊन थांबते. तबली चिकटवली त्या दिवशी लाकडात किती पाणी होते? ते १५ टक्के असेल तर ती तबली उन्हाळ्यात ८ टक्के वाळेल आणि ताणली जाईल. ते ७ टक्के असेल तर पावसाळ्यात दाबली जाईल. म्हणून हाताने गिटार घडवणारे कारागीर लाकूड वर्षानुवर्षे वाळवून ठेवतात. त्याशिवाय, चिकटवण्याचे काम ते ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीतच करतात. त्यामुळे सगळा प्रवास एकाच बाजूला न होता दोन्ही बाजूंना विभागला जातो. आपल्या देशात गिटारींचा मोठा व्यवसाय कोलकात्यात आहे आणि तिथली हवा दमट आहे. नियंत्रण न ठेवता अशा हवेत जोडलेली स्वस्त गिटार नाशिकच्या पहिल्याच उन्हाळ्यात तडकली, तर नवल नाही.

सांधे जोडणाऱ्या पदार्थाचाही विचार हवा. पूर्वी सगळीकडे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की सरस मऊ पडतो. त्यामुळे युरोपातून उष्ण प्रदेशात पाठवण्याच्या पियानोंचे सांधे सरसाबरोबर स्क्रूंनीही पक्के करत असत. आजचे कृत्रिम चिकट पदार्थ ओलाव्याला दाद देत नाहीत. पण सांधा फार पक्का झाला की लाकूडच फाटते, हेही विसरता येत नाही.

यातून शाळांसाठी एक सरळ नियम निघतो. वाद्याची चिकटवण्याची दुरुस्ती भर पावसाळ्यात किंवा भर उन्हाळ्यात करून घेऊ नये. नाशिकमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यासाठी उत्तम, कारण तेव्हा हवा मध्यम असते.

शाळेत काय करावे?

पावसाळ्यात वाद्याच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. ती कितपत उपयोगी आहे? गिटारीच्या पेटीचे घनफळ सुमारे ६६ लिटर असते. २५ अंश तापमानाला पूर्ण भरलेल्या हवेत घनमीटरला २३ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे ८५ टक्के आर्द्रतेला पेटीतल्या हवेत दीड ग्रॅमही पाणी नसते. उलट गिटारीतले लाकूड दीड किलो धरले, तर ७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर जाताना ते १२० ग्रॅम पाणी शोषते. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्के पाणी घेते. पाच ग्रॅमच्या पुडीत दीड ग्रॅम. १२० ग्रॅमपुढे दीड ग्रॅमचा काय पाड?

पण याच हिशोबात खरा उपाय दडलेला आहे. पेटी घट्ट बंद असेल तर आतल्या हवेची आर्द्रता लाकूडच ठरवते, कारण पाण्याचा साठा त्याच्याकडे आहे. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, वाद्य पेटीत किंवा जाड गवसणीत घालून कपाटात ठेवावे आणि तास संपला की लगेच परत ठेवावे. सिलिका जेल वापरायचेच तर पाव किलो घ्यावे आणि दर आठवड्याला मंद आचेवर भाजून कोरडे करावे.

बाकीच्या सूचना थोडक्यात अशा. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन पडले म्हणून वाद्य उन्हात वाळवू नये. पातळ तबली तासाभरात वाळते, जाड दांडी वाळत नाही, आणि सांध्यावर ताण येतो. मार्चपासून जूनपर्यंत साबणाच्या प्लास्टिक डबीला भोके पाडून, आत पिळलेला ओला स्पंज घालून ती पेटीत ठेवावी. स्पंजाचे पाणी लाकडावर ठिबकता कामा नये. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गिटारीच्या तारा दोन-तीन स्वर उतरवून ठेवाव्यात. पेटीच्या पट्ट्या पावसाळ्यात अडकल्या तर त्या कानशीने घासू नयेत. पावसाळा संपला की त्या बहुधा आपोआप मोकळ्या होतात, आणि घासलेल्या पट्ट्या उन्हाळ्यात खिळखिळ्या होतात.

वर्गात करून पाहा

१. आर्द्रतेची नोंद. दोन सारखे तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळा, तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्ही तापमापकांना पुठ्ठ्याने वारा घाला. एप्रिलच्या दुपारी कोरडा तापमापक ३८ आणि ओला २१ अंश दाखवत असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे २१ टक्के असते. ऑगस्टमध्ये २६ आणि २४ असे आकडे आले तर ती ८५ टक्क्यांच्या आसपास असते. आठवड्यातून एकदा नोंद करून वर्षाचा आलेख काढा.

२. लाकडाची पट्टी. देवदार किंवा चिडाच्या २० सेंटिमीटर रुंद फळीच्या टोकापासून, तिच्या रुंदीभर, एक सेंटिमीटरची आडवी चकती कापून घ्या. तिच्यात तंतूंची टोके उघडी असल्याने ती हवेला लवकर जुळते. शेजारी त्याच फळीची तंतूंच्या दिशेने कापलेली २० सेंटिमीटर लांबीची पट्टी ठेवा. दोन्हींची लांबी दर महिन्याला पोलादी पट्टीने मोजा. एप्रिल आणि ऑगस्ट यांमध्ये आडव्या चकतीत तीन-चार मिलिमीटर फरक पडू शकतो. उभ्या पट्टीत तो पोलादी पट्टीवर मोजण्याइतकाही नसतो.

३. चेपलेले लाकूड. एका लोखंडी कड्यात अगदी घट्ट बसेल असा कोरड्या लाकडाचा दांडा तासून बसवा. तसाच दुसरा दांडा कड्याशिवाय ठेवा. दोन्ही दोन दिवस पाण्यात बुडवा, मग पंधरा दिवस सावलीत वाळवा. मोकळा दांडा जवळजवळ मूळ मापावर येतो. कड्यातला दांडा मात्र सैल होऊन कड्यातून गळून पडतो. तबलीतला तडा कसा पेरला जातो हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग आम्हाला माहीत नाही.

तिसऱ्या प्रयोगातले कडे आणि दांडा वर्षभर वर्गात ठेवावेत. पहिल्या प्रयोगाचा आलेख त्यांच्या शेजारी लावावा आणि शाळेच्या तंबोऱ्याच्या किंवा गिटारीच्या तक्रारी तारखांसह त्याच आलेखावर खुणांनी दाखवाव्यात. कोणती तक्रार चढत्या रेषेवर येते आणि कोणती उतरत्या, हे विद्यार्थ्यांना स्वतःच दिसू लागेल.